थेंब घालून बघायची टाकी

४ तारीख, मंगळवार

लिहायचं टाळत होते, कबूल. ताईनं ही डायरी हातात ठेवली त्याच दिवशी ठरवलेलं, रोज एक पान. मग पेन सापडेना. पेन सापडलं तर खिडकीत मांजर आलं. मांजर निघालं तर मीच त्याच्या मागे निघाले. असे महिने गेले. डायरी डोळ्यांच्या औषधाच्या कंपनीची आहे, फुकट वाटलेली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक डोळा छापलाय. लिहिताना कुणीतरी वाचतंय असं वाटतं. अंगठ्यानं झाकून लिहितेय.

पण आज लिहिणं भाग आहे. मला काम मिळालं!

झालं असं – ताई डबा घरी विसरली. तो द्यायला तिच्या दवाखान्यात गेले. डोळ्यांचा दवाखाना. तपासणीआधी लोकांच्या डोळ्यांत थेंब घालायचं काम ताईचं. थेंब घातले की डोळ्याची बाहुली मोठी होईपर्यंत बसून राहावं लागतं, आणि बसलेल्या माणसांना काही सुचत नाही. मोबाइल दिसत नाही, पेपर दिसत नाही. मग ती काउंटरवर जाऊन भांडतात. आज दोघं भांडत होते. "माझा नंबर आधी होता." "तुम्हाला नंबर दिसला तरी कुठून, थेंब घातलेत ना?"

डॉक्टरबाई नव्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. बसायची मोठी खोली बांधून झालीये, एक तारखेला उघडणार. भिंतीशी एक भलामोठा खोका. टीव्ही. लोकांचं मन रमवायला.

मी आपली बोलून गेले, "टीव्ही कशाला? थेंब घातल्यावर दिसणारे का तो?"

डॉक्टरबाई वळल्या. "मग काय ठेवू?"

"टाकी ठेवा. माशांची. पण नुसती मासे सोडलेली नाही – आत झाडं, दगड, लाकूड, पाण्याखाली जंगल उभं केलेलं."

"कोण करणार ते?"

आणि ताई, जिनं गेल्या वर्षभरात माझ्याबद्दल एक चांगला शब्द काढला नाही, ती थेंबांची बाटली हातात धरून म्हणाली, "ही करेल. पाणवनस्पतींच्या रोपवाटिकेत होती ही."

होते. एक हंगाम. मग कंटाळा आला.

डॉक्टरबाई म्हणाल्या, एक तारखेपर्यंत टाकी मनासारखी झाली तर टाकी. नाही तर खोका उघडायचा.

५ तारीख, बुधवार

ताईनं सकाळी बजावलं. "माझा शब्द आहे तिथं. अर्ध्यात सोडून पळालीस तर मला रोज त्या खोलीत जावं लागेल, तुला नाही."

बरोबर आहे तिचं. कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. रोपवाटिका, टाइल्सचं दुकान, होडीवरचं काम – सगळीकडून शेवटाच्या जरा आधी निघाले. घरातून निघाले तेव्हा आई दारात उभी होती. रडली वगैरे नाही. म्हणाली, "भिंगरे, तुझं काही एक पूर्ण झालं ना, तर कळव. चालत येईन बघायला." ताई ऐकत होती. अजून हसते.

आज आईला फोन केला, टाकीचं सांगितलं. "बरं," म्हणाली. डॉक्टरबाईंनी आणवलेल्या रिकाम्या टाकीचा फोटो पाठवला. संध्याकाळपर्यंत निळी टिक नाही.

६ तारीख, गुरुवार

माशांच्या दुकानातल्या काकांना भेटले. दुकान अरुंद, दोन्ही बाजूंना टाक्या, मधल्या बोळात काका. काहीही विचारा, आधी "हं" म्हणतात. त्यामुळे मी त्यांचं नाव हंकाका ठेवलंय. (त्यांना माहीत नाही.)

"काका, चार फुटी टाकी, एक तारखेला मासे पोहायला हवेत."

"हं. आज काय तारीख?"

"सहा."

"हं. मग आज इथं काय करतेस? जा, पाणी भर."

मासे सगळ्यात शेवटी, म्हणाले. माशांची घाण पचवणारे जंतू आधी पाण्यात रुजावे लागतात, त्याला दिवस लागतात. त्यांनी त्यांच्या जुन्या फिल्टरमधला मळका स्पंज पिशवीत घालून दिला. हे विरजण, म्हणाले.

स्पंज घेऊन दगड आणायला निघाले. वाटेत रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारं यंत्र चाललेलं. काय सरळ रेघ मारतं! चौकापर्यंत त्याच्यामागे चालत गेले. दगड राहिले. स्पंज सुकू नये म्हणून नळावर ओला केला. मग आठवलं, नळाच्या पाण्यातल्या औषधानं जंतू मरतात. परत दुकानात. काका म्हणाले, "हं." दुसरा स्पंज दिला.

८ तारीख, शनिवार

दगड, माती, लाकूड, सगळं दवाखान्यात!

लाकूड बघायला हवं. नदीत वर्षानुवर्षं मुरलेलं, एखाद्या म्हाताऱ्यानं हात वर करून आळस द्यावा तसं. पातेल्यात मावणार नाही एवढं मोठं, त्यामुळे उकळता आलं नाही. नुसतं भिजवून ठेवलेलं.

सकाळपासून रचतेय. खाली काळी पोषक माती, मागं चढ देऊन. लाकूड डावीकडं, दगड त्याच्या पायाशी, मधून बारीक पांढऱ्या वाळूची पायवाट – पुढं रुंद, मागं निमुळती, म्हणजे टाकी आहे त्याहून खोल वाटते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना गवत लावणार. इतकं बारीक की एक एक काडी चिमट्यानं रोवायची. वर झगझगीत दिवा. आणि मासे? नखाएवढे, निळी रेघ असलेले. शंभर नसले तरी पन्नास तरी!

काच आणि नाक यांत बोटभर अंतर ठेवून बसले होते. ताई म्हणाली, "जेवलीस का?" ऊन उतरलं होतं.

१० तारीख, सोमवार

गवत लावून झालं. मान गेली. रोवताना मुळं सुकू नयेत म्हणून सारखा पाण्याचा फवारा. मग पाणी भरलं, पिंपात ठेवून औषध उडालेलं. तळाशी ताटली ठेवून तिच्यावर धार सोडायची, म्हणजे माती उठत नाही. ताटली ताईच्या डब्यातली. ती आतच विसरले.

हंकाकांचा मळका स्पंज फिल्टरात पिळला तेव्हा नेमक्या डॉक्टरबाई आल्या. शाईच्या बाटलीतून निघाल्यासारखं काळं पाणी. "हे काय आहे?"

"विरजण," म्हटलं.

त्या आत गेल्या. हात धुऊन आल्या. त्यांनी स्पंजला हातही लावला नव्हता.

सकाळी तळ दिसेल. तोवर टाकीत धुकं आहे. तरी सुंदर आहे! आईला फोटो पाठवला.

११ तारीख, मंगळवार

निळी टिक नाही.

१३ तारीख, गुरुवार

धुकं बसलं. आणि पाणी पिवळं दिसायला लागलं. लाकडाचा रंग उतरतोय.

१४ तारीख, शुक्रवार

पिवळं नाही, तपकिरी. कोरा चहा. अर्धं पाणी बदललं.

१५ तारीख, शनिवार

पुन्हा चहा. पुन्हा बादल्या. डॉक्टरबाई दारातूनच म्हणाल्या, "पाणी घाण का दिसतंय?" मी म्हटलं घाण नाही, लाकूड आहे. त्यांनी टीव्हीच्या खोक्याकडं नुसतं बघितलं. तो खोका माझ्या डोक्यात जातो. ताई त्याच्यावर डबा ठेवून जेवते, तेवढाच उपयोग.

आईचा फोन. "झालं का गं तुझं?" नाही म्हटलं, पाणी लाल होतंय. "लाल म्हणजे कसं? विटेसारखं की काव टाकल्यासारखं?" अगं, फोटो पाठवलाय ना, बघ की. तर म्हणाली, "फोटो नको पाठवत जाऊस. सांग तूच."

फोटो बघायचे कष्टसुद्धा नकोत. सांगितलं मग – कोऱ्या चहासारखं. चिडूनच सांगितलं. ती म्हणाली, "मग छानच असेल की."

ताईनं फोन घेतला आणि तिचं सुरू. "आई, डोळे दाखवायला कधी येतेस?" पलीकडून नेहमीचं – मला सगळं स्वच्छ दिसतं, थेंब नको नि बिंब नको. ताईनं फोन ठेवला आणि म्हणाली, "अख्ख्या जगाच्या डोळ्यांत थेंब घालते मी. घरच्या दोन डोळ्यांना हात लावू देत नाही ही बाई."

१८ तारीख, मंगळवार

जुन्या खोलीत आज गर्दी मावेना, म्हणून थेंब घातलेल्या काहींना नव्या खोलीत आणून बसवलं. माझे पहिले प्रेक्षक! दिवा लावला, बाजूला उभी राहिले, कौतुक ऐकायला.

सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. एका बाईंनी खुर्ची फिरवून टाकीकडं पाठ केली. मग दुसऱ्यांनीही. निवृत्त झालेले एक बसड्रायव्हर आजोबा होते, ते म्हणाले, "पोरी, दिवा मालव की. समोरून हेडलाइट मारत गाडी यावी तसं झालंय."

दिवा मालवला. बाहेर पायरीवर जाऊन बसले. एका माणसाचं कुलूप उघडत नव्हतं ते बराच वेळ बघत बसले. त्याचंही काही जमलं नाही.

१९ तारीख, बुधवार

तंबूचा फोन. तंबू म्हणजे माझी जुनी मैत्रीण, डोंगरात गिर्यारोहणाची शिबिरं घेते. अठ्ठावीसला निघतायत, माणूस हवंय. "चल ना. तू कुठं अडकलीस दवाखान्यात?"

बॅग कुठंय ते लगेच आठवलं.

ताईला सांगितलं नाही. पण ताई ती ताईच. रात्रीची भांडी पुसताना म्हणाली, "पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंना काय बोलली होतीस, आठवतंय?"

"काय?"

"थेंब घातल्यावर दिसणारे का तो. टीव्ही." आणि वाटी फडताळात ठेवली. "मग तुझं गवत दिसणारे का?"

अख्खा पंधरवडा काचेला नाक लावून बसले होते मी. थेंब न घातलेलं नाक.

२० तारीख, गुरुवार

सकाळी ताईला म्हटलं, घाल माझ्याही डोळ्यांत. डॉक्टरबाईंना विचारून घातले. चुरचुरलं. मग इतरांसारखी बसले, टाकीसमोर.

काही वेळानं हातावरच्या रेघा गेल्या. मग ट्यूबलाइट टोचायला लागली. ताईचा पांढरा कोटसुद्धा टोचायला लागला! टाकीचा दिवा लावायला सांगितला आणि किंचाळलेच. गवत म्हणजे हिरवा चिखल. पायवाट म्हणजे एक पांढरा ओरखडा, डोळ्यात जाणारा. ते नखाएवढे मासे आणले असते तर एकही दिसला नसता. पन्नास मासे, एकही नाही.

"मालव, मालव," म्हटलं.

दिवा गेला. फक्त मागच्या खिडकीचा उजेड राहिला, पाण्यातून गाळून आलेला. आणि काय सांगू! सगळ्या खोलीत तेवढी एकच जागा टोचत नव्हती. चहाच्या रंगाचं, ऊबदार, आणि त्यात काळं लाकूड – हात वर करून आळस देणारा म्हातारा, जसाच्या तसा. तो मला दिसत होता. डोळे आपोआप सैल पडले. ज्या रंगाशी आठवडाभर बादल्या घेऊन भांडत होते तो रंगच औषध होता.

ताई म्हणाली, "काय गं, हसतेस काय एकटीच?"

हे वरचं सगळं दुपारनंतर लिहितेय. सकाळी लिहून बघितलं होतं, त्या ओळी आता वाचता येत नाहीत. एकीवर दुसरी चढलीये.

२१ तारीख, शुक्रवार

गवत उपटलं. सगळं! रोवायला दोन दिवस लागलेलं, उपटायला चहा गार होईपर्यंतचा वेळ. पायवाटेची वाळू नळीनं शोषून काढली. टाकीत पुन्हा धुकं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे झालं होतं ना?"

"झालं होतं. पण डोळसांसाठी झालं होतं."

"एक तारीख पुढं जाणार नाही," म्हणाल्या. पण 'नको' म्हणाल्या नाहीत.

२२ तारीख, शनिवार

हंकाकांकडं. सगळी गोष्ट सांगितली. हा माणूस पहिल्यांदाच "हं" न म्हणता बोलला. "म्हणजे तुला कमी उजेडात जगणारी झाडं हवीत. मोठ्या पानांची." दोघं मिळून टाक्यांमधून निवडत बसलो. जावा फर्न, लांब पट्ट्यांसारखी पानं. दुसरं एक जाड, गोल पानांचं, कासवाच्या पाठीसारखं. ही मातीत नाही लावायची, लाकडाला बांधायची.

मासे? थेंब घातलेल्या डोळ्याला दिसायचा तर मोठा हवा, उंच हवा, सावकाश जाणारा हवा. आम्ही दोघं एकदमच त्या टाकीसमोर थांबलो. एंजल. पतंगासारखा आकार, वर-खाली लांब पर. चहाच्या रंगाचं पाणी त्यांना आवडतंसुद्धा!

"पाणी तयार झाल्याशिवाय देणार नाही," काका म्हणाले. "रडलीस तरी."

२४ तारीख, सोमवार

लाकडाला दोऱ्यानं शेवाळ बांधलं, फर्न बांधली. हात कोपरापर्यंत तपकिरी. पाणी नाही बदललं. मुरू दे.

आईचा फोन आला. आज चिडले नाही, सगळं सांगितलं – लाकूड, थेंब, हेडलाइट, पतंगासारखे मासे. ती मध्येमध्ये विचारत होती. केवढी पानं? हाताएवढी? उजेड कुठून येतो? डोळ्यांत थेंब घातले तेव्हा दुखलं का तुला? म्हटलं, चुरचुरतं जरा, बस. "आणि मग दिसायला लागतं परत?" हो, दुपारपर्यंत. "हं," म्हणाली. हंकाकांसारखी.

एवढा वेळ ती माझ्याशी कधी बोलल्याचं आठवत नाही.

२६ तारीख, बुधवार

तंबूला काय सांगायचं?

पाणी बाटलीत घेऊन काकांकडं गेले. त्यात ते औषधाचे थेंब टाकतात. पाणी हिरवं झालं तर जंतूंनी पचवायचं विष शिल्लक आहे, पिवळं राहिलं तर मासे सोडायला हरकत नाही. आपलं हिरवं. तसं फिकं, पण हिरवं. मी म्हटलं, पिवळंच आहे. काका म्हणाले, "तुझ्या डोळ्यांत अजून थेंब आहेत का?"

२८ तारीख, शुक्रवार

तंबू गेली. मी टाकीसमोर बसून तिला फोन केला, म्हटलं, इथलं झालं की तीन तारखेच्या बसनं येते, पहिल्या मुक्कामाला गाठते. ती म्हणाली, "तू? थांबतेयस?" हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

पाणी – फिकं हिरवं.

२९ तारीख, शनिवार

अजूनही पाण्यात हिरव्याची छटा. काका म्हणाले उद्या ये. उद्या तीस!! खोका तिथंच आहे. डॉक्टरबाईंनी भिंतीवर टीव्हीसाठी खुणा करायला सुताराला बोलावलंय. सुतार मोजमाप घेताना मी टाकीच्या पुढं उभी राहिले, उगीचच. जशी काही तो टाकीलाच भोक पाडणार होता.

३० तारीख, रविवार

पिवळं! पिवळं! पिवळं!

काकांनी बाटली उजेडाला धरली, तीनदा. दुकान बंद करून स्वतः मासे घेऊन आले. पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या, पाणी पाण्याला सरावलं, मग सहा एंजल आत. आधी लाकडामागं लपले. मग एक बाहेर आला. मग त्याच्यामागून बाकीचे, घाई नाही, काही नाही.

ताई रविवार असून आली होती. मासे मोजून झाल्यावर म्हणाली, "माझी ताटली कुठंय?"

तळाशी होती. मातीखाली. उपटतानाही सापडली नव्हती. आता राहू दे, म्हणाली.

१ तारीख, सोमवार

खोली उघडली. लोक आले, थेंब घातले, बसले. हळूहळू खुर्च्या सरकल्याचा आवाज – टाकीच्या दिशेनं. एका बाईंनी डोळ्यांवरचा रुमाल काढला आणि परत घेतलाच नाही. नंबरवरून भांडण झालं नाही. एकाचा नंबर पुकारला तर तो म्हणाला, "पुढच्याला घ्या आधी."

बसड्रायव्हर आजोबा पुन्हा आले होते. मी मुद्दाम समोर उभी राहिले. त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "काळोखात घाट उतरतोय आणि समोरून कुणी येत नाहीये," म्हणाले. "असं वाटतंय."

डॉक्टरबाईंनी टीव्हीचा खोका परत पाठवला. ताई म्हणाली, आता डबा कशावर ठेवू?

आईला फोन लावला. झालं, म्हटलं. पूर्ण झालं. ती म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला. एवढंच. बरं! मला काय, उगाच काहीतरी वाटलं होतं.

३ तारीख, बुधवार

बॅग भरून दारात. बस अकराची. ही डायरी बॅगेत टाकतच होते, तेवढ्यात ताईचा दवाखान्यातून फोन. आवाज नेहमीचा नव्हता.

आई आलीये.

एकटी. पहाटेच्या गाडीनं, लोकांना पाट्या वाचून दाखवायला सांगत सांगत. ताई म्हणाली, फोटोत तिला वर्षभर नुसता धूर दिसतोय, कुणाला बोलली नाही. टाकीसमोरच्या खुर्चीत बसलीये आणि कुणाला जवळ येऊ देत नाहीये. म्हणतेय, भिंगरीला बोलवा. तिनं काय काय केलंय ते आधी तिच्या तोंडून ऐकते, मग घाला काय ते थेंब.